ओवेनच्या कुरणातला पक्षी

ड्रमेला, डनेगॉल
१२ जून १९९४

ती. ग्रानियाताईस,
सा. न. वि. वि.

आईसाठी पाठवलेले मोजे पोचले. तिला मोठे होतात, पण ती कबूल करत नाही.

आता गंमत ऐक. सरकारनं नवं अनुदान काढलंय. ज्याच्या कुरणात तो गवतात लपणारा कॉर्नक्रेक पक्षी ओरडेल, त्यानं पक्ष्याच्या पिलांसाठी ऑगस्टपर्यंत गवत कापायचं नाही आणि घरबसल्या पैसे घ्यायचे. आपल्याकडे तो ओरडून किती वर्षं झाली, तुला ठाऊकच आहे. म्हणून कचेरीतली पोरगी ऐकायला आली, तेव्हा मी भिंतीआड बसलो आणि आपल्याला फसवायला बाबा ओढायचे तसा मेंढीच्या बरगडीवर कंगवा ओढला. खर्र-खर्र, खर्र-खर्र. पोरगी इतकी हरखली की तिचे डोळेच भरून आले. खालचं कुरण मंजूर.

तुझा लोभ मात्र विनाअनुदान चालू दे.

तुझा ओवेन

ग्लासगो
२० जून

चि. ओवेनास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वॉर्डात ड्यूटीवर असतानाच हसू फुटलं, मग माझी मलाच लाज वाटली. सगळेच लाटतात, हे तुझं ठरलेलं उत्तर मला नको. त्या पोरीनं तुझ्यावर विश्वास टाकला. आणि शेजारी ह्यूईकाका आहेत. रोझकाकू गेल्या त्या उन्हाळ्यापासून तो पक्षी आला नाही, असं ते नेहमी सांगायचे. निदान त्यांना तरी यात ओढू नकोस.

आईला गोळ्या वेळेवर दे. माया आहे तेवढी राहू दे, अक्कल थोडी वाढव.

तुझी ताई

ड्रमेला
२४ जुलै

ती. ताईस सा. न.

हे पत्र लिहितोय नि फाडतोय. ह्यूईकाकांनी तो आवाज ऐकला. दुसऱ्याच दिवशी ताजा पाव घेऊन माझं अभिनंदन करायला आले. घरटं त्यांच्या बाजूलाही असेल म्हणून त्यांनी मुलाला गवत कापू दिलं नाही. मी म्हटलं, मग तुम्हीही अनुदान घ्या. तर म्हणाले, की पाहुण्याला ठेवून घेतल्याचे पैसे कोण घेतं. मी पाव घेतला.

जूनअखेरचं कडक ऊन असंच गेलं. त्याच उन्हात मी आपलं वरचं कुरण कापून गवत कोठारात भरलं. तेव्हापासून पाऊस आहे. काकांचं गवत आडवं होऊन काळं पडलंय आणि त्यांच्या दोन गाईंना हिवाळ्यासाठी दुसरं काही नाही. मी मात्र रोज संध्याकाळी कंगवा ओढतोय, कारण आवाज थांबला तर पक्षी मेला असं त्यांना वाटेल. तो ऐकायला ते भर पावसातही कुरणाकडची खिडकी उघडी ठेवतात. ताई, लाजेनं मान वर होत नाही. काय करू ते सांग.

ओवेन

ग्लासगो
३० जुलै

चि. ओवेनास आशीर्वाद.

वरच्या कुरणातलं सगळं गवत त्यांना दे. आणि सांगायला चिठ्ठी पाठवू नकोस, स्वतः जा.

तुझीच ताई

ड्रमेला
९ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

गेलो. कचेरीला खरं काय ते कळवून पैसे नाकारले, ते सोपं होतं. काकांपुढे बरगडी नि कंगवा ठेवून सगळं सांगितलं. वाटलं होतं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एकदा वाजवून दाखवायला सांगितलं. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, की अगदी बापासारखं वाजवतोस. मग सुनेला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. गवतालाही नाही म्हणाले नाहीत. गाईंनी कुणाचं काय बिघडवलंय, म्हणाले. मी सगळं त्यांच्या गोठ्यात रचून आलो.

निघताना त्यांनी मला कुरणाकडची खिडकी लावून घ्यायला सांगितलं. कितीतरी दिवसांनी पाऊस थांबला होता. बाहेर हवा छान पडलीय, असं मी म्हटलं, तर असेल म्हणाले. मी खिडकी लावली.

लोभ असू दे म्हणायला या खेपेस तोंड नाही.

ओवेन