नववं घर

खरिडिहा, जिल्हा केंद्रापडा
१४ डिसेंबर २०१६

सावित्री अपांना भावजय कुंतलेचा नमस्कार.

तुम्ही पाठवलेल्या उडदाच्या बड्या पोचल्या. मी बरी आहे. हे नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाही.

मला आरोग्य पाहणीचं काम मिळालं आहे. गावातल्या घरांची यादी करून दर नववं घर घ्यायचं, आणि घरातल्या मोठ्या माणसांच्या चिठ्ठ्या टाकून एकालाच प्रश्न विचारायचे. सुरुवात चार नंबरापासून निघाली. चार, तेरा, बावीस. एकतिसावं घर दैतारी बेहेराचं आलं.

त्या अंगणात मी दीड वर्ष पाय ठेवला नव्हता. रस्त्यावरूनच मागे फिरले आणि कागदावर ‘कुलूप’ लिहिलं. दार उघडं होतं, अपा. ओट्यावर त्याची म्हातारी आई भाजी निवडत बसली होती.

दोन दिवसांनी पाहणीच्या प्रतिमा मॅडमना खरं सांगितलं. म्हटलं, “त्याऐवजी बत्तिसावं घेऊ?”

“आवडीची घरंच घ्यायची तर चिठ्ठ्या कशाला? मग ती गावाची पाहणी नाही, तुझ्या मैत्रिणींची!” मग हळूच म्हणाल्या, “कुणाचं घर ते ठाऊक आहे मला. दुसरीला पाठवू?”

मी नको म्हटलं. ‘कुलूप’ खोडून सही केली आणि गेले.

“ये गं बोहू,” म्हातारी सुनेला बोलवावं तशी म्हणाली. “वाट चुकलीस की काय?”

चिठ्ठी दैतारीचीच निघाली.

“परत उचल! त्याला काय झालंय? माझे गुडघे विचार की!”

“मावशी, परत उचलता येत नाही.”

तो समोर बसला. होडी त्याची होती. त्या दिवशी ती उलटल्यावर तो पोहत आला, तुमचे भाऊ आले नाहीत. नंतर तो दोनदा माझ्या दारी आला होता. मी कडी काढली नाही. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

एकेचाळीस प्रश्न क्रमाने विचारले. त्याची उत्तरं बाहेर सांगायची मनाई आहे, म्हणून लिहीत नाही. झोपेचा प्रश्न विचारताना मी माझंही उत्तर मनात देऊन टाकलं, एवढंच.

मग म्हातारीने पाण्यात भिजवलेला पखाळ भात वाढला, वर भाजलेलं वांगं. मी दोनदा मागून घेतलं.

अपा, इथे आलात की त्या घरावरून जाताना तुम्ही माझ्यासाठी मान फिरवता. आता नका फिरवू.

तुमची,
कुंतला