तुझं माहेरचं नाव

आई,

आज सकाळी दुकान उघडून काचा पुसत होतो, तेवढ्यात चांगला लोकरी कोट घातलेला एक गृहस्थ आला. म्हणाला, "आमच्या बंधूंचं खिशातलं घड्याळ द्या, ते परगावी गेलेत." घड्याळ कुठलं, साखळी कशी, काचेला चरा कुठल्या बाजूला, सगळं बिनचूक सांगत होता. मी म्हटलं, "बंधूंनी खूण काय ठेवलीय?" तो हसला. "घड्याळजी, तुम्ही घड्याळ देता की सोयरीक जमवता?" लोणावळ्याच्या बाजारात माझी ही थट्टा जुनीच आहे. दुरुस्तीला घड्याळ टाकणाऱ्या प्रत्येकाकडून मी एक गोष्ट हळूच सांगून घेतो, आजोळचं गाव म्हणा, घरच्या बैलाचं नाव म्हणा, आणि ती कागदावर कधी लिहीत नाही. गृहस्थ खूण न सांगताच गेला. खरा भाऊ असेल, नसेलही. घड्याळ माझ्या पेटीत टिकटिकतं आहे. ही रीत मूळची तुझी, म्हणून दुपारी दुकानाला फळी लावून तुला लिहायला बसलो.

मला तो कामशेतचा बाजार आठवतो. आबा भात विकून आले की पैसे घरी आणत नसत, तांदळाच्या व्यापाऱ्याच्या पेढीवरच ठेवत. ते गेल्यावर ती ठेव तुझ्या नावावर झाली, पण त्यासाठी तू पेढीची पायरी एकदाच चढलीस, तीही पदर नाकापर्यंत ओढून. मी तेव्हा इथेच लोणावळ्यात, दुसऱ्याच्या दुकानाच्या कोपऱ्यात बसून घड्याळं उघडायला शिकत होतो. शिकवणारं कुणी नव्हतं. बंद पडलेलं घड्याळ खोलायचं, प्रत्येक चाक कुठून निघालं ते डोक्यात ठेवायचं आणि पुन्हा जोडायचं, एवढीच माझी शाळा. मला स्वतःचं दुकान घालून द्यायचं तू मनात घेतलंस. त्या दिवशी मी गाडीने आलो, तू बेडशाकडून पायी आलीस, आणि ठेव काढायला आपण दोघं पेढीवर गेलो. मुनीम चष्म्यावरून पाहत म्हणाला, "बाई, गेल्या बाजारालाच तर निम्मे नेलेत तुम्ही."

मी त्याच्या अंगावर धावून जाणार होतो. तू मला हाताने मागे सारलंस.

"मला वळखलं कसं तुमी?" तू विचारलंस.

"नेहमीसारखंच. मालकाचं नाव विचारलं. बाईंनी मान खाली घातली, सोबतच्या माणसानं सांगितलं. आता बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे काय आम्हाला ठाऊक नाही?"

"म्हंजी तुमी खाली घातलेली मान वळखली," तू म्हणालीस. "मला न्हाई."

इतकी वर्षं झाली, पण एवढं नेमकं बोललेलं मी पुन्हा ऐकलं नाही. आपल्याकडे कुठल्याही बाईला नवऱ्याचं नाव विचारलं की ती गप्प होते, शेजारचा कुणीतरी बाप्या ते सांगतो, आणि तेवढ्यावर ओळख पटते. चोराला एक शब्दही खोटा बोलावा लागला नव्हता. पांढऱ्या कपाळाची एक बाई पदराआड उभी केली आणि साऱ्या गावाला ठाऊक असलेलं नाव उच्चारलं, बस्स.

मग तू तोंडावरचा पदर मागे घेतेस. आबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव, सगळं खणखणीत आवाजात सांगतेस. पोती तोलणारे हमाल थांबतात. पायरीवर बसलेली एक म्हातारी गालावर हात ठेवते. "अगं बया! मेलेल्या दादल्याचं नाव भर बाजारात घेती!"

"मावशी, त्यानं नांगर धरला, म्या लावनी केली," तू म्हणतेस. "पैसं दोगांचं हायेत. गप बसले तर चोराचं व्हतील."

म्हातारीने गालावरचा हात खाली घेतला. पण तुझं काम संपलं नव्हतं. "आता ह्ये नावबी समद्यांनी ऐकलं. फुडच्या येळी मला दुसरं काय तरी इचारा," असं म्हणून तू मुनिमाच्या कानाशी वाकलीस आणि तुझं माहेरचं नाव सांगितलंस. लग्नात सासरच्यांनी बदललेलं, पवनेच्या खोऱ्यात राहिलेलं नाव. माहेरचं तर रोगाच्या साथीत कुणीच उरलं नव्हतं. लिहिता-वाचता येतं याचा मला तेव्हा फार तोरा. मी म्हटलं, "मुनीमजी, मी लिहून देतो."

"लिवलेलं कुनीबी वाचंल," तू फटकारलंस. "डोस्क्यातलं कोन वाचनार?"

"बरं, मला तरी सांग."

"तुला कशापायी? तू लय बोलतोस."

पुढे काही बाजारांनी तो चोर त्या बाईला घेऊन उरलेल्या पैशांसाठी पुन्हा आला. मुनीम मला हसत सांगत होता. मुनिमाने बाईला माहेरचं नाव विचारलं, तसा सोबतचा माणूस आवाज चढवून म्हणाला, "आता ह्ये कशाला?" पदराआडून बाईने सुचेल ते एक नाव ठोकून दिलं. मुनिमाने पेटी मिटली आणि हमालांना हाक मारली. चोर आपल्याच ओट्यावर बसून आबांबरोबर पान खाणारा माणूस निघाला. नेलेले पैसे त्याने थोडेथोडे परत केले, सगळे नाही. जे जमले त्यात हे दुकान उभं राहिलं. ठेव काढताना तू मुनिमाच्या कानात पुन्हा तेच सांगितलंस, आणि मी मुद्दाम जवळ सरकलो तर कोपराने ढोसलंस.

सवयीने पत्राचं पाकीट काढलं, वर तुझं नाव घालायला टाक शाईत बुडवला. सासरचं नाव घालावं, तर ते साऱ्या गावाचं. माहेरचं नाव डोक्यातच घेऊन मुनीम वारला, तूही गेलीस. चाकाचा एक दात झिजलेला मला नुसत्या आवाजावरून कळतो, असं मी चारचौघांत सांगत असतो. पण उद्या कुणी विचारलं, ही बाई तुझी आई कशावरून, तर मीही मान खाली घालून उभा राहीन.