गार्गी राहणार

मुलुंड (पूर्व)
मंगळवार, दुपार

प्रिय स्वरदा,

पत्र बघून दचकू नकोस. तब्येत ठणठणीत आहे, बीपीची गोळी घेतली आहे, गॅस बंद आहे. फोनवर तू हेच तीन प्रश्न विचारतेस, म्हणून उत्तरं आधीच देऊन टाकली. मला फोनवर नीट बोलता येत नाही. पलीकडून कुणी हॅलो म्हटलं की माझा मास्तर होतो, आणि मास्तर झाला की मी कुणाचं ऐकत नाही. म्हणून कागद घेतला. लिहून झालं की पानांचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. पानांना क्रमांक घातलेत, त्याच क्रमाने वाच.

तू शनिवारी विचारलंस ते सरळ होतं. गार्गीच्या बोर्डात दहावीला दोन गणितं, एक सोपं, बेसिक आणि एक पूर्ण, स्टँडर्ड. कुठलं घेणार ते शाळेला या शुक्रवारपर्यंत कळवायचं. यज्ञेशराव म्हणतात स्टँडर्डच. गार्गी काहीच बोलत नाही. आणि तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही सांगाल ते करू. दर रविवारी तुम्हीच शिकवता, तुम्हाला कळतं तिचं." त्यावर मी काय म्हणालो ते तुला आठवत असेलच. "स्टँडर्ड. यात विचारायचं काय?" तू बरं म्हणालीस आणि फोन ठेवलास. तू इतक्या पटकन माझं ऐकलंस याचंच मला नंतर वाईट वाटलं.

आता या बाबतीतली माझी कीर्ती तुला माहीत आहे. घाटकोपरच्या शाळेत मी जन्मभर एकच गोष्ट सांगत आलो, की पूर्ण गणित सगळ्यांना हवं. गवळ्याच्या मुलाला हवं, डॉक्टरच्या मुलीला हवं आणि ज्याला पुढे तबलाच वाजवायचा आहे त्यालाही हवं. बोर्डाने सामान्य गणिताचा सोपा पर्याय सुरू केला तेव्हा मी आठवडाभर स्टाफरूममध्ये कुणाशी धड बोललो नाही. पुढे तो बंद झाला तेव्हा मी निवृत्त झालो होतो, तरी मुद्दाम शाळेत जाऊन पेढे वाटून आलो. चित्रकलेच्या जयवंतने पेढा खाल्ला, हात रुमालाला पुसले आणि म्हणाला, "श्यामकांत, मुलांना विचारून वाटलेस का रे?" जयवंतशी माझं यावरून वीस-पंचवीस वर्षं भांडण होतं. तो म्हणायचा, ज्याला रेघ सरळ काढता येत नाही त्याला मी नापास करतो का? मी म्हणायचो, चित्रकलेवाचून अडत नाही. तो म्हणायचा, तुझं अडत नसेल. गेल्या वर्षी तो मुलाकडे नाशिकला राहायला गेला. तेव्हापासून भांडायला कुणी नाही.

तसं बोलायलाही फारसं कुणी नाही, हे तुला कधी सांगितलं नाही. सकाळी सीताराम कचरा न्यायला येतो, त्याच्याशी पावसापाण्याचं होतं. किराणा मोबाइलवरून येतो, तो पोरगा पिशवी दाराला लावून बेल वाजवतो आणि मी दार उघडेपर्यंत लिफ्टमध्ये असतो. आई होती तेव्हा घरात बोलण्याचं खातं तिच्याकडे होतं. तुझ्याशीसुद्धा तीच बोलायची. मी तुला लसावि-मसावि शिकवले, प्रमेयं शिकवली, गणितात तुला दीडशेपैकी दीडशेच्या जवळ नेलं, आणि तू घरातून गेल्यावर लक्षात आलं की आपण दोघं दुसऱ्या कशाबद्दल कधी बोललोच नाही.

म्हणून गार्गीचे रविवार. माझं मुलुंड आणि तुमची बोरिवली नकाशावर बघ, मध्ये बोटभर अंतर आहे. पण जायचं म्हणजे काटकोनाच्या दोन्ही बाजू चालून जावं लागतं, कारण कर्णावर नॅशनल पार्कातले बिबटे राहतात. हा विनोद मी गार्गीला आल्या आल्या ऐकवतो आणि ती दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसते. पोरगी गुणाची आहे. यज्ञेशराव सकाळी सोडून जातात, ती हातपाय धुते, आईच्या शिलाई मशीनवरचं कापड उगाच सरळ करते आणि मग टेबलाशी येऊन बसते. माझ्या अख्ख्या आठवड्यात तेवढीच एक खुर्ची भरलेली असते.

आता परवाचं. त्याआधी एक सांगतो, नाहीतर तुला हसू येणार नाही. मी मुलांना कधी नापास म्हणालो नाही. अमका गणितात राहिला, तमकी राहिली, एवढंच. नापास या शब्दाने मूल खाली बघतं. राहिला म्हटलं की कसं, अजून आपल्यातच आहे असं वाटतं. गार्गी इंग्रजी शाळेतली, तिच्या मैत्रिणी फेल म्हणतात. पण माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या गोष्टी ऐकून ऐकून हा शब्द तिने उचलला आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

रविवारी जेवणं झाली. मी वर्गसमीकरणांची पाच उदाहरणं दिली. ती बराच वेळ पेन्सिल फिरवत बसली. मग वही मिटली आणि अगदी हळू म्हणाली, "आजोबा, मी राहणार बहुतेक."

स्वरदा, मला काय झालं सांगू! आई गेल्यापासून पोरगी इथे एकदाही राहिली नाही. पूर्वी मे महिन्यात पंधरा-पंधरा दिवस असायची. मी म्हटलं, "अगं राहा की!" आणि उठलोच. स्टुलावर चढून माळ्यावरची गादी काढली. (ओरडू नकोस, पडलो नाही.) संध्याकाळच्या खिचडीसाठी तांदूळ दोघांचे भिजत घातले. जास्तीचं दूध मागवलं. जिन्यात सीताराम दिसला, त्यालाही सांगितलं, नात राहणार आहे. परत येऊन बघतो तर ती तशीच बसलेली. मी म्हटलं, "आईला सांगितलंस का?" ती म्हणाली, "मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा ना प्लीज." मी म्हटलं, "घाबरतेस काय? आईला उलट आनंद होईल." ती नुसतंच, "आनंद?" म्हणाली. आणि मी, उशीला अभ्रा चढवत, हसून म्हणालो, "मग! मला बघ किती आनंद झालाय!"

तेव्हा ती रडायला लागली. तोंड दाबून नाही, लहानपणी रडायची तशी, खांदे हलवत. "आजोबा, मी मॅथ्समध्ये राहणार आहे. सहामाहीत. फेल. तुम्हाला आनंद काय होतोय?"

मी उशी हातात घेऊन उभा. इतकी वर्षं मुलांना मायेने दिलेला शब्द असा माझ्याच अंगावर आला. मला तिला धड जवळसुद्धा घेता आलं नाही. पाणी दिलं. गूळ दिला. थोड्या वेळाने ती आपणहून उठली आणि मशीनपाशी जाऊन बसली. जुन्या पडद्याचा एक तुकडा उरला होता. तो तिने दुमडला, कात्रीने कापला आणि मशीन चालवायला लागली. ती मशीन आई गेल्यापासून कुणी चालवली नव्हती. घरात तो आवाज भरला आणि मी नुसता ऐकत बसलो. कापड मापून दुमडताना ती बोटांनी कोपरे असे काही जुळवत होती की माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, अगं, हीच तर भूमिती! गिळलं. म्हटलं, श्यामकांत, एवढं तरी तिचं तिला राहू दे. यज्ञेशराव न्यायला आले तेव्हा तिने तो नवा अभ्रा माझ्या हातात ठेवला. डोळे सुजलेले होते, ते त्यांना सर्दीमुळे वाटले.

दोन दिवस विचार करतोय. तत्त्वाचं विचारशील तर माझं मत फारसं बदललेलं नाही. प्रत्येक मुलाने एकदा तरी स्वतःच्या हाताने एखादी गोष्ट सिद्ध करून बघावी, असं मला अजून वाटतं. पण एकदा सिद्ध करून बघणं वेगळं आणि वर्षभर धास्तीत जगणं वेगळं. जयवंत हेच सांगत होता, आणि मला ते पेढ्यांच्या नादात ऐकू आलं नाही. त्याला काल फोन केला. गार्गीचं सांगितलं. मला वाटलं होतं चिडवेल, पण तो एवढंच म्हणाला, तू कसा आहेस? मी त्याला नाशिकच्या पावसाचं विचारलं.

तर आता या पत्राचं कारण. शनिवारी मी तुला स्टँडर्ड म्हणालो, ते गार्गीकडे बघून म्हणालो नव्हतो. बेसिक घेतलं तर तिचं तिला जमेल, मग तिला माझ्याकडे यायचं कारण उरणार नाही, एवढंच त्या क्षणी डोक्यात आलं. एखाद्या रविवारी उदाहरणं लवकर संपली तर मी आणखी एक अवघड काढायचो, कारण गणित संपलं की ती घड्याळ बघते. सगळ्यांना पूर्ण गणित हवं म्हणणारा तुझा बाप शेवटी एका नातीने येत राहावं म्हणून तसं म्हणत होता. तेव्हा शुक्रवारी शाळेला बेसिक कळव. यज्ञेशरावांना मी सांगतो, जावयाशी बोलताना मास्तर असलेलं बरं. पुढचा रविवार तिला मोकळा दे. मैत्रिणींकडे जाऊ दे, झोपू दे, मी वाट बघणार नाही असं तिला सांग. खरं काय ते तुला माहीत असलं म्हणजे पुरे. फक्त गादी अजून हॉलमध्येच आहे. ती माळ्यावर परत चढवणं मला एकट्याला जमत नाही, आणि खरं म्हणजे मी प्रयत्नही केलेला नाही. उशीला तिनेच शिवलेला अभ्रा घातला आहे. तिला एवढंच सांग, की आजोबांकडे आता गणितात राहायचं नाही, नुसतं राहायचं. आणि स्वरदा, गादी दोघींना पुरेल एवढी रुंद आहे, हे मी आत्ताच मापून बघितलं.

तुझाच,
बाबा