लाठी कुणाची, हा रकाना

अण्णा, सकाळपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. दूध उतू गेलं, गॅस पुसता पुसता फडकं कुठं ठेवलं ते सापडेना, दोनदा बाहेर जायला निघाले आणि चामराजपेटच्या आपल्याच गल्लीच्या तोंडावरून परत आले. म्हणून तुमच्याशी भांडायला बसले आहे. जाऊन इतकी वर्षं झाली तुम्हाला, पण भांडण राहिलंच आहे.

झालंय असं, की सरकारनं एक समिती नेमली आहे आणि तुमची ही वकील लेक तिच्यात आहे. पोलिसांनी कुठंही लाठी चालवली, कुणाला लागलं, तर ठाण्यानं त्याचा अहवाल लोकांसमोर ठेवायचा, वेबसाइटवर, कुणालाही वाचता येईल असा. कुठं घडलं, का घडलं, काय वापरलं, कुणाला किती लागलं. इथपर्यंत इंदिरानगरच्या त्या गारगार हॉलमध्ये सगळे 'सरी, सरी' म्हणत माना डोलावतात. शेवटचा रकाना आला की मात्र कॉफी मागवतात. मारणाऱ्याचं नाव. ते छापायचं, की नुसतं ठाण्याचं नाव पुरे? शेवटी सगळ्यांनी तो मसुदा माझ्या गळ्यात घातला. 'मॅडम, तुम्ही पोलिसाच्या घरातल्या, तुम्हीच ठरवा.' वा रे वा! आज संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता.

आयुधपूजेच्या दिवशी तुम्ही मला ठाण्यात न्यायचात, ते आठवतं. भिंतीला टेकवून ओळीनं उभ्या केलेल्या लाठ्या, प्रत्येकीला हळदकुंकू, झेंडूची फुलं, दारात फोडलेला कोहळा. मी चुरमुरे खात विचारते आहे, यातली तुमची कुठली? तुम्ही म्हणता, सगळ्या सारख्याच. आणि खरंच तशी रीत होती तुमची. बंदोबस्ताहून आलं की लाठ्या कोपऱ्यात एकत्र टाकायच्या, सकाळी हाताला येईल ती उचलायची. मी हट्टानं पुन्हा विचारलं तेव्हा तुम्ही डोळे वटारलेत. 'पोलिसाच्या पोरीनं असलं विचारायचं नसतं.' एवढ्या माणसांत बोललात, मला रडू फुटलं होतं.

मग मार्केटजवळच्या त्या लाठीमारानंतरची दुपार. मागच्या गल्लीत घरी बसून उदबत्त्या वळणारी बाई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी आहे, हात काळे, पदर खोचलेला. तिचा नवरा हातगाडी ओढायचा. त्याचं कोपर फुटलं होतं. तुम्ही पाटावर सारभात कालवत होतात. ती म्हणाली, 'अण्णा, भांडायला नाही आले. ठाण्यात म्हणतात कुणी मारलंच नाही, गर्दीत पडला. तो घरात येड्यासारखा बडबडतो, मी पडलो नाही, मी पडलो नाही. कुणी मारलं तेवढं सांगा, म्हणजे तो गप्प होईल.' तुम्ही ताटातून मान वर केली नाहीत. 'गर्दी होती अम्मा, मला दिसलं नाही.' ती गेली. आईनं ताक वाढलं, तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात, 'माझीच बसली त्याला.' मी दाराआड वेण्या घालत होते, अण्णा. सगळं ऐकलं. आईनं फक्त ताट उचललं. त्या माणसानं पुन्हा गाडी ओढली नाही, आणि ती बाई मात्र सणावाराला आपल्याकडे उदबत्तीचा पुडा देत राहिली. तुम्ही तो देवापुढे लावत होतात! कसं जमायचं हो तुम्हाला?

काल तुमचा धाकटा आला होता. तो आता इन्स्पेक्टर आहे, सर्जापूर रोडच्या बाजूला. तिथं अपार्टमेंटमधल्या सफाईच्या बायकांचा मोर्चा होता, त्यात लाठ्या चालल्या, तेव्हापासून तो नीट झोपलेला दिसत नाही. बूट न काढताच ओट्याला टेकून उभा राहिला.

'अक्का, स्वल्प विचार कर. ते नाव काढ. उद्या कुणीतरी माझ्या पोरीला शाळेत मोबाईलवर दाखवेल, हा बघ तुझा बाप.'

'मग लाठी उचलताना तुला पोरगी आठवेल. बरंच आहे की.'

'तुला बोलायला काय जातं? गर्दीत कुणाची कुणाला बसली, कळतं का कधी?'

'अण्णांना कळलं होतं,' मी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं. त्याला ठाऊक नव्हतं. त्याचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं. टपकणारा नळ त्यानं घट्ट पिळला. मग म्हणाला, 'तेव्हा तुझा हा रकाना असता, तर आईनं या गल्लीत तोंड कसं दाखवलं असतं?' जाताना पायरीवर थांबून म्हणाला, 'नाव ठेवलंस, तर या गौरीला माझी वाट बघू नकोस.'

आई गेल्यापासून गौरीचं बागिन, माहेरचं वाण, तोच आणतो, अण्णा. सुपात बांगड्या, खण, नारळ, सगळं स्वतः निवडून. खाकी कपड्यांतच येतो, घाईघाईनं वाकून पाया पडतो. माझं माहेर म्हणजे आता तेवढंच. रात्रभर तळमळत होते. तुमचा राग येत होता, त्याची कीव येत होती, आणि मध्येच ती बाई, हात काळे घेऊन दारात. तिला काय हवं होतं? एक नाव. तुम्ही तिच्यापासून चार हातांवर जेवत होतात.

दुपारी मसुदा पाठवला. नाव ठेवलं आहे. धाकट्याला फोन केला, त्यानं उचलला नाही. तेव्हापासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालते आहे. शेजारची विचारून गेली, अक्का, बरं नाही का?

तुम्हाला लिहिलेले हे कागद तरी कुणाला देऊ? त्याला दाखवायची छाती नाही. एवढंच सांगते, रागावू नका. समितीत सगळे मला धीट म्हणतात, आणि मी तसं म्हणू देते. पण तुम्ही आज जिवंत असतात, तर तो रकाना मी कोरा ठेवला असता.