बँकॉकचं तिकीट

हरिहरेश्वर,
११ नोव्हेंबर २०२५

नीरे,

तू पनवेलला लेकीकडे सुखरूप पोहोचलीस, हे तुझ्या मनालीकडून कळलं. इकडे सगळं ठीक. आपल्या तिन्ही खोल्या पाहुण्यांनी भरल्यात, रविवारी साठ मोदक गेले. फोन केला असता तर तोंडून काय निघालं असतं सांगता येत नाही, म्हणून कागद घेतला.

तू रितेशला का सांगितलंस?

दोन वर्षं आपण दोघी बँकॉकचं ठरवत होतो. पासपोर्टच्या फोटोसाठी म्हसळ्याला गेलो, तू तीनदा डोळे मिटलेस. वीस वर्षं लोकांच्या सुट्टीचा स्वयंपाक केला, एकदा आपणही आयतं खाऊ, हे तूच म्हणाली होतीस. नदीतून बोटीने फिरायचं, सोन्याचा बुद्ध बघायचा, हेही तुझंच. आणि निघायला तीन आठवडे असताना तू माझ्या मुलाला फोन करतेस, आईच्या डोळ्यांचं काही खरं नाही, तिला पाठवू नकोस म्हणून. वर स्वतः पनवेलला निघून जातेस.

त्याने त्याच दिवशी टूरवाल्याला माझं तिकीट रद्द करायला लावलं. मला विचारलंही नाही. शनिवारी आला. मी वाढत होते, तर म्हणाला, "आई, आता तिथे जाऊन तुला दिसणार काय?"

भरल्या ताटावरून उठवावंसं वाटलं. उठवलं नाही. आमटी वाढली, ती ताटाबाहेर सांडली. त्याने ती गुपचूप पुसून घेतली. तेच जास्त लागलं.

आता खरं सांगते. उजवा डोळा गेल्यातच जमा आहे. डाव्याचं कडेकडेचं दिसेनासं होतंय. काचबिंदू. अलिबागच्या डॉक्टरांनी मे महिन्यातच सांगितलं, गेलं ते परत येत नाही. तुला मी नंबर वाढलाय म्हटलं. प्रदक्षिणेच्या वाटेवर पडले तेव्हा शेवाळावर ढकललं, पण मला पायरी दिसलीच नव्हती. तू उचललंस, गुडघा धुतलास, आणि तेव्हाच ओळखलंस ना? मग मला विचारायचंस, नीरे. तोंडावर. मी भांडले असते, रडले असते, पण तुझ्याजवळ.

तू म्हणशील, आधी मीच लपवलं. खरं आहे. त्याने राग कमी होत नाही.

काल एकटी अलिबागला गेले. प्रवासाला हरकत नाही, थेंब मात्र चुकवू नका, असं डॉक्टर म्हणाले. मग टूरवाल्याकडे बसून तिकीट पुन्हा काढलं. तिथूनच रितेशला फोन लावला आणि सांगितलं, जेवढं दिसेल तेवढं बघेन. मग त्याने थेंब कधी कधी घालायचे ते विचारून घेतलं.

तुझं तिकीट तू अजून रद्द केलेलं नाहीस, असं टूरवाला म्हणाला. यायचं तर ये. पण माझा हात धरायचा असेल तर आधी मला विचारायचं.

खाली 'तुझीच' लिहायची सवय आहे. आज हात होत नाही.

रतन