झाकणाची चाचणी

३ जून

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. रुमेटॉइड संधिवात औषधाने आटोक्यात राहील, पण सकाळी हाताशी कुणीतरी हवं, असं त्या म्हणाल्या. शेजाऱ्यांना सांगा, असं त्यांनी तुला म्हटलं, तर संस्कृतच्या बाईंना याचना शोभत नाही, असं तू त्यांनाच सुनावलंस म्हणे! महिनाअखेरपर्यंत कुणी सापडलं नाही, तर तुझं बिऱ्हाड गुंडाळून तुला इकडे आणणार. खोली रंगवली आहे. रंग हिने निवडलाय, त्यामुळे तक्रार चालणार नाही.

रागावलीस तरी लोभ राहू दे.
तुझा भाऊ

१४ जून

चि. भाऊस, अ. उ. आ.

सकाळी तासभर माझी बोटं पुतळ्याची असतात, हे खरं. पण याचना मी केलेली नाही. चहापत्तीची बरणी जिन्यात ठेवली आणि चिठ्ठी लावली, की झाकणाची चाचणी चालू आहे, उघडून अभिप्राय द्यावा. खालच्या घड्याळवाल्यांनी ‘आटे उत्तम’ लिहिलं. शिंपीणबाईंनी ‘किंचित कुरकुर’ नोंदवली. मग मी नळ आणि बटणंही चाचणीला घेतली.

आता सातच्या ठोक्याला सात जण हजर! वरचे निवृत्त न्यायाधीश इतिवृत्त लिहितात. काल मला आतून कुलूपच उघडता येईना, तर त्यांनी मला गैरहजर मांडून दाराबाहेरून लेखी खुलासा मागितला. शेवटी जादा किल्ली घड्याळवाल्यांकडे ठेवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला.

लोभ आहेच, त्याला अटी जोडू नकोस.
ताई

२६ जून

चि. भाऊस, अ. उ. आ.

घोर संकट. औषध लागू पडलं आणि आज झाकण माझ्याच हाताने उघडलं! डोळे भरून आले. तेवढ्यात सातला पाच कमी दिसले. मंडळी येणार आणि बरणी उघडी! घट्ट लावायला जोर कुठला? चोरून घड्याळवाल्यांना बोलावून झाकण बसवून घेतलं.

ते शांतपणे म्हणाले, की पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त न्यायाधीशांना सांगू नका, त्यांना चाचणी खरी वाटते. मी ओशाळले. मग जन्मात पहिल्यांदा सरळ विचारलं, की बोटं पुन्हा रुसली तर हाक मारू का? ते म्हणाले, त्यासाठीच तर किल्ली घेतली.

आता सांग, येऊ का तिकडे?
ताई

३० जून

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

नको येऊस. त्या खोलीत मी माझी पुस्तकं हलवली.

सोबत एक बरणी पाठवतोय. इथे आम्हा तिघांना ती उघडता आली नाही. मंडळापुढे ठेवावी आणि न्यायाधीशसाहेबांचा अहवाल सहीशिक्क्यानिशी पाठवावा.

लोभ त्याच टपालाने यावा.
तुझा भाऊ