ट्रूसचा वाढदिवस

तीर्थरूप सिब्रेनकाका यांना पुतण्या डौवे याचा उभ्या उभ्या नमस्कार. (उभ्या उभ्या अशासाठी, की हल्ली मला बसवतच नाही. एवढी ओळ लिहीपर्यंत दोनदा खिडकीशी जाऊन आलो. बाहेर काही नव्हतं.) तुमचा गुडघा काय म्हणतो? बांधावर फिरायला जाता, की वाऱ्याला शिव्या देत घरातच बसता? काकू गेल्यापासून तुम्ही वाटाण्याचं सूप डब्यातलं खाता असं कानावर आलं, ते काही बरं नव्हे. इकडे सगळं क्षेमकुशल. मी तर अगदी निवांत आहे.

निवांत म्हणजे, आमची ट्रूस गेली. तुम्ही तिला जन्मभर ‘उडता पेट्रोलपंप’ म्हणून हिणवलंत, पण माझी उमेदीची सगळी वर्षं तिच्या पोटात गेली. डोळ्यांवर तो जाड गॉगल चढवायचा, पडद्यात बघायचं आणि मागून येणाऱ्या लढाऊ विमानाच्या पाठीतल्या भोकात आपला दांडा बरोबर बसवून त्याला इंधन पाजायचं. तुम्ही तुमच्या फ्रेंडशिप विमानात सामान चढवत होतात, आणि तुमच्या मते त्या दोन पंख्यांच्या विमानानंतर आपल्या हवाई दलात सगळा आनंदीआनंदच. सामान वाहायला ती अगडबंब हर्क्युलिस आली तेव्हा तुम्ही भर जेवणात म्हणालात, “हत्तीण आणलीय, हत्तीण! वळायला अख्खा प्रांत लागेल!” मग आपल्या लोकांनी प्रवाशांची वापरलेली जेट विमानं घेतली (नवं कशाला? डच आहोत आपण!), शेपटाखाली दांडा बसवला आणि ट्रूस उभी राहिली. आता तीही म्हातारी ठरली. नवीन आलंय ते चार-सहा देशांनी मिळून घेतलंय. गल्लीत सगळ्यांत मिळून एक शिडी घेतात ना, तसं. नशीब, शिडी आपल्या अंगणात ठेवलीय.

तर या नव्या विमानावर जायचं, तर डोळ्यांची परीक्षा पुन्हा द्यायची. दांड्याचं टोक आणि समोरचं विमान यांच्यात अंतर किती, हे पडद्यावर नेमकं कळलं पाहिजे, नाहीतर दुसऱ्याच्या काचेत दांडा घालायचो. पास झालो तर वर, नाहीतर खाली धावपट्टीच्या कडेला निवृत्तीपर्यंत पोरांच्या बॅगा ढकलायच्या. त्रेपन्नाव्या वर्षी बॅगा, काका! पण मी कशाला घाबरतोय? घरी सराव चालू असतो. कॉफी ओतताना किटली हातभर वर धरतो आणि एक डोळा मिटतो. तुमची सूनबाई हिल्ट्ये म्हणते, “अरे, कॉफी कपाला पाजतोयस की टेबलाला?” बायकांना या कामातलं काय कळतंय!

आता मुख्य गंमत. आपल्याकडे संडासाच्या भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर असतं, तसं आमच्याकडेही आहे. ट्रूस दलात दाखल झाली त्या तारखेला मी तिचं नाव लिहून टाकलं होतं. सहजच, प्रेमाने. सासूबाई मुक्कामाला आल्या आणि त्यांनी ते वाचलं. (त्या आत बराच वेळ बसतात. भिंत पाठ आहे त्यांची.) ही ट्रूस कोण, हे विचारावं की नाही? छे! नाव कॅलेंडरवर आहे म्हणजे वाढदिवस आहे, आणि वाढदिवस आहे म्हणजे जायला हवं, मग ती जावयाची मावशी असो नाहीतर भानगड. त्यांनी शेजारीपाजारी कळवलं, आणि ठरल्या दिवशी चेरीचं सारण भरून भाजलेली भली मोठी व्लाय घेऊन दारात हजर! मागे निम्मी गल्ली. खुर्च्यांचं गोल कडं झालं. जो येईल तो सगळ्यांशी हात मिळवतोय आणि घरच्यांचंही अभिनंदन करायचं या आपल्या रीतीप्रमाणे हिल्ट्येला म्हणतोय, “ट्रूसबद्दल अभिनंदन हं!” आणि हिल्ट्ये, न हसता, “थँक यू, थँक यू.” मी कॉफी ओततोय, आणि कोणी कप पुढे केला की ती हळूच तो सरकवून किटलीखाली आणतेय.

शेवटी सासूबाईंना राहवेना. “अरे, पण आहे कुठे ती वाढदिवसवाली?”

मी म्हटलं, “विकली.”

काका, सगळ्यांचे डोळे माझ्यावर! घास तोंडात, चमचे हवेत. “परदेशातल्या एका कंपनीला,” मी आणखी खुलासा केला, म्हणजे आगीत तेल. मग हिल्ट्येने विमानाचा फोटो आणून दाखवला. सासूबाईंना हायसं वाटेल म्हणता? उलट भडकल्या. “एका विमानासाठी मी पहाटे उठून भट्टी पेटवली?” आणि उरलेली व्लाय झाकून पिशवीत. सगळे पोट धरधरून हसले. मीही हसलो, आणि हसता हसता मला एकदम रडूच कोसळलं. भर गोलात. चेरी आंबट आहेत म्हटलं. लोक भले, मान डोलावली सगळ्यांनी.

असो. मंगळवारी परीक्षा आहे. सहज होईल. तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका, गुडघ्याला तेल लावा.

आपला,
डौवे

ता. क. – परीक्षा येत्या मंगळवारी नाही, गेल्या मंगळवारी झाली. नापास झालो. उजवा डोळा बघतो, पण त्याला अंतर कळत नाही. हिल्ट्येला अजून सांगितलेलं नाही. सरावासाठी सुट्टी मिळाली होती, ती संपायचीय. घरी ‘सरावाला जातो’ म्हणून रोज गणवेश घालून निघतो आणि विमानतळाच्या कुंपणाबाहेर, विमानांचे फोटो काढणाऱ्या हौशी मंडळींत जाऊन उभा राहतो. त्यांच्याकडे सँडविचेस चांगली असतात.

ता. क. २ – काका, रविवारी या. तुमची फ्रेंडशिप बंद झाली तेव्हा तुम्ही घरी येऊन काकूला काय सांगितलंत, कुठल्या शब्दांत, ते मला सांगा. आणि मी सांगेन तेव्हा नुसते शेजारी बसा. माझ्याच्याने एकट्याने होत नाही.

ता. क. ३ – काका, मी हिल्ट्ये. पाकीट बंद करायला याने माझ्याकडे दिलं. डोळ्यांच्या डॉक्टरांचा फोन मंगळवारीच घरी आला होता, तेव्हापासून मला ठाऊक आहे. तुम्ही यातलं काही बोलू नका, सांगू दे त्यालाच. तो सांगेल तेव्हा मला दचकायचं आहे. रोज आरशासमोर दचकून बघतेय, पण धड जमत नाही, मधेच रडू येतं. रविवारपर्यंत थांबू नका, शनिवारीच या.